डेव्हन अव्हेन्यूवरचे पटेल ब्रदर्स: पाटीवरच्या आडनावासह एका दुकानाचे परीक्षण

शिकागोच्या उत्तर भागातील वेस्ट रिज या वस्तीतून जाणारा डेव्हन अव्हेन्यू हा रस्ता अमेरिकेतल्या भारतीयांना वेगळा सांगावा लागत नाही. याच रस्त्याच्या एका तुकड्याला महात्मा गांधींचे मानद नाव आहे, पुढे जिनांचे आहे आणि त्याही पुढे इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांचे आहे, कारण दक्षिण आशियाई दुकाने येण्यापूर्वी येथे ज्यू कुटुंबांची दाट वस्ती होती. ‘पटेल ब्रदर्स’ हे किराणा दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झाले. आज या नावाची पन्नासहून अधिक दुकाने अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहेत आणि भारतीय किराणा मालाची त्या देशातली सर्वांत मोठी साखळी म्हणून ती ओळखली जाते. न्यू जर्सीतील एडिसनला किंवा न्यू यॉर्कमधील जॅक्सन हाइट्सला राहणाऱ्या मराठी माणसाला हे नाव जितके परिचित आहे तितकेच ते टेक्सासमधल्या मराठी माणसालाही आहे. मी लिहीत आहे ते मात्र डेव्हनवरच्या दुकानाविषयी, कारण या साखळीची सुरुवात तेथे झाली आणि दारावरच्या पाटीवर जे आडनाव आहे त्याचा इतिहास त्या दुकानाच्या फळ्यांवर जितका स्पष्ट वाचता येतो तितका तो मला अन्यत्र क्वचितच दिसला आहे.

दुकान उभे करणारे मफतभाई आणि तुलसीभाई पटेल हे बंधू उत्तर गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या भांडू या गावचे. मफतभाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षणासाठी अमेरिकेत आले आणि नंतर शिकागोत नोकरी करू लागले; पुढे तुलसीभाई आणि त्यांच्या पत्नी अरुणाबेन येऊन मिळाल्यावर तिघांनी मिळून एक लहानसे दुकान चालवायला घेतले. त्या काळी अमेरिकेत तुरीची डाळ, हिंग किंवा कढीपत्ता मिळवणे हीच एक खटपट होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केल्यानंतर जे डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थी भारतातून येऊ लागले होते, त्यांच्यापैकी बहुतेक जण मिळेल त्यावर स्वयंपाक भागवत होते. दुकानाला गिऱ्हाईक मिळाले ते या गरजेतून. स्वाभाविकच सुरुवातीचा माल गुजराती स्वयंपाकघराचा होता, परंतु पुढच्या काळात या दुकानाने जे केले ते मला त्याचे सर्वांत मोठे यश वाटते: एका विशिष्ट प्रांताचे आणि विशिष्ट समाजाचे आडनाव पाटीवर ठेवूनही त्याने तमिळ, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी, नेपाळी आणि पाकिस्तानी गिऱ्हाइकांना आपल्याच घरचा माल मिळत असल्याची खात्री दिली.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. आत शिरल्यावर प्रथम भाजी लागते आणि मराठी माणसाने पहिला वेळ तेथेच घालवावा. गवार, तोंडली, पडवळ, सुरण, कोवळी भेंडी, मेथीच्या जुड्या, ओली हळद आणि हंगामात उंधियोसाठी लागणारी पापडी असा सरंजाम एका ठिकाणी पाहायला मिळणे हे मध्य-पश्चिम अमेरिकेच्या लांबलचक हिवाळ्यात फार मोठे सुख आहे. अळूची पाने गुजरातीत ज्या पदार्थासाठी वापरतात त्याच्या नावाने, म्हणजे ‘पात्रा’ म्हणून, विकली जातात. नाव न ओळखता अनेक नवे मराठी विद्यार्थी तेथून पुढे निघून जातात. वरईचे तांदूळही ‘भगर’ म्हणून शोधले तर सापडत नाहीत, ते ‘मोरैयो’ या नावाने फराळाच्या पिठांशेजारी ठेवलेले असतात. चतुर्थी किंवा एकादशीच्या आधी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. साबुदाणा, राजगिऱ्याचे पीठ आणि शिंगाड्याचे पीठही त्याच रांगेत मिळते.

पिठांची रांग ही या दुकानाची खरी श्रीमंती आहे. लाडूसाठी वेगळे रवाळ बेसन, ढोकळ्याचे पीठ, हांडव्याचे पीठ, बाजरीचे, ज्वारीचे आणि नाचणीचे पीठ यांतून निवड करायला मिळते, आणि भाकरी करणाऱ्या घराला याहून अधिक काय हवे असते? ज्वारीचे पीठ घेताना मात्र पाकिटावरची तारीख पाहावी, कारण हे पीठ जुने झाले की भाकरी थापताना चिरते; ही काळजी कोणत्याही दुकानात घ्यावीच लागते. पोह्यांत जाड आणि पातळ असे दोन्ही प्रकार मिळतात. आमसूल मिळते. डाळी, तांदूळ, मसाले आणि पोहे यांपैकी पुष्कळ माल दुकानाच्याच मालकांनी पुढे उभ्या केलेल्या ‘स्वाद’ या नावाने येतो, आणि माझ्या अनुभवात त्यांतील तूरडाळ, मूग आणि जाड पोहे रोजच्या वापराला अत्यंत विश्वासाचे आहेत. गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी यांबाबत माझे मत असे की त्या घरून आणाव्यात किंवा घरी कराव्यात. कोणत्याही पाकिटातल्या भाजणीला भाजलेल्या धान्याचा तो वास राहत नाही.

फ्रीझरच्या कपाटांपाशी थोडे थांबावे. खवलेला नारळ, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, मटार आणि पराठे यांच्या सोबतीने तेथे ‘मोगो’ मिळतो. मोगो म्हणजे कसावाचे कंद. गुजरातच्या मूळ जेवणात या कंदाला विशेष स्थान नाही. तो गुजराती माणसाच्या ताटात आला पूर्व आफ्रिकेतून, आणि नैरोबी-कंपालाहून लंडन-लेस्टरला आणि तेथून अमेरिकेला पोहोचलेल्या घरांनी तो आपल्याबरोबर आणला. तळलेल्या मोगोवर तिखट-मीठ आणि लिंबू घालून खाणाऱ्या गुजराती कुटुंबाला त्याच्या प्रवासाविषयी विचारले, तर बहुधा केनिया, युगांडा किंवा टांझानिया यांपैकी एका देशाचे नाव निघते. पटेल हे आडनाव जगभर कसे पसरले याचा अर्धा हिशोब या एका थंडगार पाकिटात आहे, म्हणून त्या आडनावाकडे वळणे येथे मला आवश्यक वाटते.

मूळ शब्द अधिकाराचा आहे, कुळाचा नाही. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील ताम्रपटांत, दान दिलेल्या गावाची वार्ता ज्यांना कळवली जाते त्यांत ‘पट्टकिल’ या ग्रामाधिकाऱ्याचा उल्लेख येतो. जमिनीच्या पट्ट्याची, म्हणजे हक्काच्या लेखाची, नोंद ज्याच्याकडे असे आणि गावच्या वसुलीची जबाबदारी ज्याच्यावर असे तो हा माणूस. त्यातूनच गुजरातीत पटेल आणि मराठीत पाटील आला. गावचा शेतसारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा आणि सरकारपुढे गावाच्या वतीने उभा राहणारा गावप्रमुख हे दोन्हीकडचे रूप जवळजवळ सारखेच होते. महाराष्ट्रात पाटीलकी हे वतन अनेक जातींकडे होते आणि म्हणून पाटील हे आडनाव मराठे, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत आढळते. गुजरातेतही पटेल हे आडनाव एकाच समाजाचे नाही, जरी तसा समज फार पसरलेला असला तरी.

तो समज पसरण्याचे कारण म्हणजे पाटीदार समाज. मध्य गुजरातमधील चरोतर, म्हणजे आजच्या खेडा आणि आणंद जिल्ह्यांचा सुपीक प्रदेश, येथे ‘नरवा’ नावाची जमीनधारणेची पद्धत होती, जिच्यात गावाच्या साऱ्याची जबाबदारी भागीदार कुटुंबे एकत्रितपणे घेत आणि जमीन ‘पट्ट्यां’त वाटलेली असे. पट्टी धारण करणारा तो पाटीदार. मूळच्या कणबी शेतकरी समाजातून वर आलेल्या या गटाने इंग्रजी अमलात पाटीदार हे नाव आग्रहाने स्वीकारले आणि १९३१ च्या जनगणनेपर्यंत ते सरकारदरबारीही रुजले. त्यांत लेउवा आणि कडवा असे दोन मुख्य भेद आहेत. कडव्यांची कुलदेवता उंझ्याची उमिया माता आणि लेउवांत खोडियार मातेची भक्ती मोठी. नडियाद, करमसद, वसो, सोजित्रा, भादरण आणि धर्मज ही चरोतरातली सहा गावे प्रतिष्ठेची मानली जात आणि सोयरीक शक्यतो याच वर्तुळात होई. सरदार वल्लभभाईंचा जन्म यांपैकी नडियादचा आणि घर करमसदचे. याच पाटीदारांत अमीन आणि देसाई ही आडनावेही आढळतात, आणि तीही महसुली अधिकारपदांवरून आलेली आहेत.

मराठी वाचकाला यात एक जवळचा धागा आहे. खानदेशात, जळगाव, भुसावळ, यावल आणि रावेर या भागात, लेवा पाटीदार म्हणजेच लेवा पाटील समाज मोठ्या संख्येने आहे, आणि आपले पूर्वज गुजरातेतून आले अशी परंपरा तो समाज सांगतो. बहिणाबाई चौधरी या समाजातल्या, आणि त्यांच्या ओव्यांची लेवा बोली आज मराठीचे वैभव आहे. केळीच्या बागा, शेतीतला व्यवहारी चोखपणा आणि शिक्षणाची ओढ हे गुण खानदेशात आणि चरोतरात मला सारखेच दिसतात, मात्र खानदेशी शाखेने तापीच्या काठी मराठी होणे पसंत केले आणि चरोतरातली मुले आफ्रिकेच्या बोटीत बसली.

ती बोटीत का बसली, याची कारणे जमिनीतच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन पट्ट्या लहान झाल्या. त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ आला, जो विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच काळात प्लेगही होता. दुसरीकडे तंबाखूच्या पिकाने काही कुटुंबांच्या हाती रोख पैसा दिला होता, शाळा निघाल्या होत्या आणि इंग्रजी साम्राज्याने मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे घातली होती. १८९६ ते १९०१ या काळात ही रेल्वे बांधली ती मुख्यतः पंजाबातून नेलेल्या मजुरांनी. तिच्या मागोमाग कारकून, स्टेशन मास्तर आणि दुकानदार म्हणून गुजराती माणूस आत आत गेला. दुकानाला स्वाहिलीत आजही ‘डुका’ म्हणतात. एकदा एक भाऊ स्थिरावला की तो दुसऱ्याला बोलावून घेई, भांडवल नात्यातून उभे राही आणि हिशोबाची हमी गावच्या नावावर चाले. गावाकडे केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव लावून भागवणाऱ्या कित्येकांना कागदपत्रांवर आडनाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी पटेल लिहिले, आणि एक पदवी अशा रीतीने पारपत्रावरचे कायमचे आडनाव झाली.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले. सुमारे २७ ते २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये गेली, काही हजार कॅनडात आणि इतरत्र. केनियातून तर त्याआधीच पुष्कळ कुटुंबे निघाली होती. दोन पिढ्यांत उभी केलेली दुकाने, कारखाने आणि घरे मागे टाकून हातात मोजके सामान घेऊन उतरलेल्या या माणसांनी लेस्टर आणि लंडनमध्ये पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानापासून सुरुवात केली: वृत्तपत्रे, दूध, मिठाई, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे शटर. ब्रिटनच्या गृहमंत्री झालेल्या प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातून आलेले होते. अमेरिकेत हेच कष्ट मोटेलच्या धंद्यात गेले. त्याची सुरुवात मात्र आडनावाने पटेल नसलेल्या कानजीभाई देसाई यांच्याशी जोडली जाते, ज्यांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एक लहान हॉटेल चालवायला घेतले आणि दक्षिण गुजरातेतून येणाऱ्या अनेकांना हा मार्ग दाखवला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हमरस्त्यांवरची मोटेले स्वस्तात विक्रीस निघाली. घर आणि धंदा एकाच छपराखाली आणि सगळे कुटुंबच कामाला, हा हिशोब पटेलांना चपखल बसला. अटलांटा येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई-अमेरिकी हॉटेलमालकांच्या संघटनेचे आज सुमारे २० हजार सभासद आहेत आणि देशातली सुमारे ६० टक्के हॉटेले त्यांच्या मालकीची असल्याचे ती संघटना सांगते.

आकडे पाहिले तर हा वेग अधिक ठळक होतो. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत पटेल हे आडनाव १७२ व्या क्रमांकावर होते आणि ते लावणारे सुमारे १ लाख ४५ हजार होते. २०१० मध्ये ते पहिल्या शंभरात, ९५ व्या क्रमांकावर आले आणि संख्या सुमारे २ लाख ३० हजार झाली. यात सारेच पाटीदार नाहीत हे पुन्हा सांगावेसे वाटते. भरूच जिल्ह्यातील मुसलमान पटेलांत काँग्रेसचे नेते अहमद पटेल आणि इखर गावचा वेगवान गोलंदाज मुनाफ पटेल ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पाकिस्तानचे न्यायमूर्ती दोराब पटेल पारशी होते. १९८१ मध्ये झिया यांच्या लष्करी राजवटीने मागितलेली शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयातले पद सोडले. मुंबईत जन्मलेला आणि लहानपणी न्यूझीलंडला गेलेला एजाझ पटेल डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर आला आणि भारताच्या एका डावातले दहाही बळी त्याने घेतले. इतक्या भिन्न माणसांना एका जातीच्या चौकटीत बसवणे हा त्या आडनावावर अन्याय आहे.

आता पुन्हा डेव्हनवर येते. हा सारा प्रवास लक्षात ठेवून दुकानात फिरले की फळ्यांची मांडणी अर्थपूर्ण वाटू लागते. खाखऱ्यांचे, थेपल्यांचे आणि छुंद्याचे कितीतरी प्रकार आहेत, कारण हे सारे पदार्थ प्रवासात टिकणारे आहेत आणि बोटीने, रेल्वेने व विमानाने जाणाऱ्या समाजाने ते जपले आहेत. उपवासाचा आणि जैन स्वयंपाकाचा माल वेगळा आणि स्पष्ट लिहिलेला मिळतो. मराठी घराला लागणाऱ्या वस्तू तुलनेने विखुरलेल्या असतात. बाकरवडी फरसाणात, लोणची सर्वांच्या लोणच्यांत आणि आमसूल मसाल्यांच्या टोकाला, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने यादी घेऊन जावे आणि शोधायला वेळ ठेवावा. नुसते विचारले तरी कर्मचारी दाखवतात, आणि हिंदीत किंवा मोडक्या गुजरातीत विचारले तर अधिक आपुलकीने दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत हापूस आणि केसरच्या पेट्यांची विचारपूस सुरू होते. जवळजवळ अठरा वर्षांच्या बंदीनंतर २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेत प्रवेश मिळाला, तो नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन. विमानाने आलेल्या पेटीची किंमत ऐकून पुष्कळ जण मागे फिरतात, आणि रोजच्या आमरसासाठी डबाबंद रसच परवडतो. त्यांत केसरचा रस मला अधिक आवडतो. हापूसच्या डबाबंद रसाला साखर आणि प्रक्रिया यांमुळे तो मूळचा तिखट-गोड सुवास उरत नाही. ज्यांना वर्षातून एकदाच खरी पेटी घ्यायची आहे त्यांनी दुकानात आधी फोन करून माल कधी येणार ते विचारावे आणि पेटी उघडून वास घेऊनच पैसे द्यावेत.

हे दुकान कोणासाठी, असे विचारले तर माझे उत्तर असे: शिकागोत नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यासाठी, ज्याला पहिल्या महिन्याचा कुकर लावण्याइतका माल एका फेरीत हवा आहे, गणपतीच्या आधी मोदकाचे पीठ, गूळ आणि खोबरे घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी, आणि सणाचे मोठे जेवण करणाऱ्या महाराष्ट्र मंडळांसाठी, ज्यांना पोती आणि मोठे डबे लागतात. ज्याला केवळ कोथिंबीर आणि आले हवे आहे त्याने डेव्हनपर्यंत येण्याची गरज नाही, तेवढे आता कोणत्याही अमेरिकी दुकानात मिळते. शनिवारी-रविवारी दुपारी या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, म्हणून आठवड्यातल्या दिवशी किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर यावे, आधी पिठे आणि डाळी घ्याव्यात, भाजी शेवटी घ्यावी, आणि हिवाळ्यात गोठवलेल्या मालासाठी गाडीत एक जाड पिशवी ठेवावी. पाचापैकी गुण द्यायचे तर पिठे, डाळी आणि भाजीला मी निःसंकोच पाच देते, आणि मराठी मालाच्या निवडीला साडेतीन.